ज्ञानकोशातली सुईण

मागिस्टर ओपरमान यांच्या घरी मी कामाला लागले, तेव्हा त्यांच्या बायकोला आणि मुलाला एकाच पेटीत पुरून महिना झाला होता. मी सव्वीस वर्षांची विधवा. नवरा गाडीवान होता, घाटात बर्फावरून गाडी घसरली आणि गेला. पाद्री मला म्हणाले, "उर्सेल, त्या माणसाला कोणीतरी जेवायला घालायला हवं, नाहीतर तो कागदच खाईल." मी गेले, आणि एकोणतीस वर्षं राहिले.

मागिस्टर, म्हणजे विद्यापीठाची पदवी घेतलेले, आधी लॅटिन शाळेत शिकवायचे. बायको गेल्यावर शाळा सोडली. वडिलांचं थोडंफार होतं, दोन माणसांना पुरायचं. ज्या खोलीत पाळणा ठेवायचा होता, तिथं त्यांनी सुताराकडून भिंतभर खणांचं कपाट करून घेतलं. प्रत्येक खणात चिठ्ठ्या. माणसाच्या हातून जगात जे जे होतं, ते सगळं अक्षरांच्या क्रमानं एका ज्ञानकोशात लिहून काढायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. राजे, ग्रह, तारे यांच्यावर लिहिणारे पुष्कळ होते. त्यांना हवे होते कातडी कमावणारे, दोर वळणारे, चुनाभट्टीवाले. लाइप्त्सिग शहरातल्या एका प्रकाशकानं छापायचं कबूल केलं आणि मागिस्टर टोपी घालून दारोदार फिरायला लागले.

लोक हसायचे. "आले मागिस्टर! दोर कसा वळतात ते सांगतो हो, पण स्वतःच्या गळ्यात बांधायचा नाही, कबूल?" ते हसत नसत आणि रागावतही नसत. "कबूल," म्हणायचे आणि शाईची दौत उघडायचे.

बिअर करणाऱ्या क्लोत्सेनं तर कहर केला. मागिस्टर बिअरबद्दल विचारायला गेले, तेव्हा हा पठ्ठ्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "साहेब, मे महिन्यात पिंपाजवळ गाणं म्हणावं लागतं, नाहीतर माल आंबतो. आणि बायकांनी म्हणून चालत नाही, दाढीवालाच पाहिजे." मागिस्टरांनी ते लिहून घेतलं. ब अक्षराचा खंड आला आणि ते छापून आलं. रविवारी दारूगुत्त्यात शाळामास्तरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, लोक बाकांवरून खाली पडायचे राहिले.

मागिस्टरांच्या कानावर गेलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते क्लोत्सेकडे गेले. पुढचं मला क्लोत्सेनंच सांगितलं. टोपी काढून ते म्हणाले, "क्लोत्से, गाण्याचं खरं नव्हतं म्हणे. मग आंबू नये म्हणून खरं काय करता?" क्लोत्से मला म्हणाला, "उर्सेल, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं. मी दोन तास बसून सगळं खरं सांगितलं. बापानं कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती, तेही सांगितलं." पुढच्या खंडाच्या शेवटी दुरुस्ती छापली गेली. ती मात्र गुत्त्यात कोणी वाचली नाही.

माणूस वाईट नव्हता. पण माणूस दिसला की विचारायचे, आणि विचारून झालं की त्यांच्याजवळ बोलायला काही उरत नसे. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर शेजारी कोणी बसायचं नाही. घरात ते त्यांच्या खोलीत जेवायचे आणि मी स्वयंपाकघरात. मधे एक भिंत. त्यांचा चमचा वाडग्याला लागला की मला ऐकू यायचा, माझा त्यांना येत असेल. अशी बारा वर्षं गेली.

मग ग अक्षर आलं. बाळंतपण आमच्या जर्मन भाषेत ग मध्ये येतं.

ते येणार हे मला माहीत होतं, त्यांनाही असणार. वसंतात त्यांनी लॅटिन पुस्तकं मागवली, मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांना पत्रं लिहिली. उत्तरं आली, गठ्ठेच्या गठ्ठे. एका दुपारी मी चुलीची राख काढायला खोलीत गेले, तर ते सगळे कागद जमिनीवर पसरून मधे बसले होते.

"उर्सेल," ते म्हणाले, "यातल्या एकानंही बाळंतपण पाहिलेलं नाही. सगळे एकमेकांचं उतरवून काढतात."

"मग सुईणीला विचारा."

"गावच्या सुईणीकडे गेलो होतो. ती म्हणाली, देवाची इच्छा असेल तर मूल येतं."

"तिला त्याच्यापुढं येतच नाही काही. कॉफी प्यायला तेवढी वेळेवर हजर."

 मी राखेची बादली उचलली, दारापर्यंत गेले, आणि कशी कोण जाणे, बोलून गेले. "केटनरबाई अजून आहेत."

ते नाव त्या घरात बारा वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं.

आपोलोनिया केटनर आमच्या लिंडेनरोडा गावची सुईण होती, नगरसभेपुढं शपथ घेतलेली; त्या शपथेशिवाय सुईणीला काम करता येत नसे. अर्धं गाव तिच्या हातात जन्मलं, मीसुद्धा. मागिस्टरांची बायको, युडिथबाई, अडली तेव्हा तीच होती. मूल आडवं होतं. मागिस्टरांनी शहराचे वैद्य, डॉक्टर फाबर, यांनाही बोलावलं. संध्याकाळी दोघंही गेली, आई आणि मूल. डॉक्टरांनी नगरसभेला लिहून दिलं की सुईणीच्या अडाणीपणामुळं आणि दिरंगाईमुळं मृत्यू झाला, आणि त्या कागदावर मागिस्टरांनी सही केली. नगरसभेनं केटनरबाईची शपथ काढून घेतली. तेव्हापासून ती चक्कीच्या ओढ्याकाठी एका खोलीत ताग कातून दिवस काढत होती. रस्त्यात ती समोरून आली की मागिस्टर पलीकडे जायचे. डॉक्टर फाबर मरून पाच वर्षं झाली होती.

आठ दिवस तसेच गेले. नवव्या दिवशी सकाळी टोपी घालून स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "उर्सेल, तू बरोबर चल. माझ्या एकट्यासाठी ती दार उघडणार नाही."

माझ्यासाठीही ती उघडेना. आतूनच म्हणाली, "कोण आहे?"

"मी उर्सेल. आणि मागिस्टर आहेत."

बराच वेळ नुसतं चरख्याचं चाक ऐकू येत होतं. मग ते थांबलं. दार उघडलं. ती पासष्टीला आली होती, पण माझ्या आठवणीत होती त्याहून फार म्हातारी दिसली. मागिस्टरांकडे तिनं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"बारा वर्षांनी रस्ता सापडला वाटतं?"

"केटनरबाई," मागिस्टर म्हणाले, "मी ज्ञानकोश लिहितो आहे."

"ऐकलंय. क्लोत्सेच्या पिंपाजवळ गाणं म्हणतात ते तुमचंच ना?"

"हो. आता बाळंतपणाचं लिहायचं आहे. पुस्तकांत काही नाही. तुम्हाला येतं तेवढं इथं कोणालाच येत नाही."

"हे तुम्ही नगरसभेत सांगायचं होतं. तेव्हा तर उलट सांगितलंत."

मला वाटलं आता ती दार लावणार. पण ती बाजूला झाली. "या आत. माझ्या मागं हे सगळं माझ्याबरोबर मातीत जायचं, त्यापेक्षा तुमच्या कागदावर गेलेलं बरं. ती नवी सुईण पोरींना मारतेय नुसती."

खोलीत एकच स्टूल होतं, ते तिनं त्यांना दिलं. मी उभी. ती पलंगावर बसली आणि सांगायला लागली, पहिल्या कळेपासून. मागिस्टर लिहीत होते. काय खायला द्यायचं, कधी चालायला लावायचं, कधी नाही, खोलीतून कोणाला बाहेर काढायचं. "सासूला आधी बाहेर," ती म्हणाली, "हे लिहा. ठळक लिहा." मला हसू फुटलं. मागिस्टरांनी लिहिलं.

मग आडव्या मुलाचं आलं. तिनं कोपऱ्यातून लोकरीचा जुना लांब मोजा घेतला, त्यात चिंध्यांची बाहुली आडवी कोंबली आणि तोंड मुठीत आवळून धरलं. "आत काही दिसत नाही. बोटांनीच बघायचं. हाताला काहीतरी लागतं, हात की पाय? तो ओढायचा की सोडायचा? सांगा मागिस्टर."

"मला माहीत नाही."

"टाच शोधायची. पायाला टाच असते, हाताला नसते. टाच लागली की धरायचं, मग दुसरा पाय शोधायचा, आणि मूल हळूहळू वळवून पायांकडून बाहेर आणायचं. हात लागला तर सोडायचा. हात ओढला की संपलं." तिनं मोज्यात हात घातला. तिचे हात थरथरत होते. बाहुलीचा पाय तिला दोनदा सुटला. तिसऱ्यांदा मिळाला.

"याला वेळ किती असतो?" मागिस्टरांनी विचारलं. मान वर न करता.

"पाणी गेलं की लगेच वळवायचं. जितका उशीर, तितकी पिशवी मुलाला आवळत जाते. दोन-तीन तासांनी हात आत जात नाही, गेला तर फाडतो."

लेखणी थांबली. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी?"

केटनरबाईनं बाहुली मांडीवर ठेवली. "मागिस्टर, तुम्ही लेख लिहायला आलात. तेवढंच घ्या आणि जा."

"त्या दिवशी, केटनरबाई. मला सांगा."

"दहाला पाणी गेलं. मी हात धुतला, तेल लावलं, आत घातला, आणि टाच मला लागली होती. हातात होती माझ्या. तेवढ्यात डॉक्टर आले. ते म्हणाले, बाईनं आत हात घालणं रानटीपणा आहे, नैसर्गिक कळांची वाट बघू, नस कापून रक्त काढू. मी म्हटलं, वाट बघितली तर दोघं जातील. मग तुम्ही आत आलात."

"मी काय म्हणालो?"

"तुम्हाला आठवत नाही?"

"आठवतं. तुम्ही सांगा."

"तुम्ही म्हणालात, बाई, हात काढा. शिकलेल्या माणसाला बघू दे."

मागिस्टरांनी ते लिहिलं नाही. पण उठलेही नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी कोरडा झालेला बोरू पुन्हा दौतीत बुडवला आणि म्हणाले, "दुसरा पाय मिळाल्यावर पुढं?"

तिनं पुढचं सांगितलं, शेवटपर्यंत. निघताना ते दारात वळले आणि तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "माफी-बिफी काढू नका. मी केलेलं नाही माफ, आणि करणारही नाही. पण विचारायला आलात ते बरं केलंत."

परत येताना ते माझ्या दोन पावलं पुढं चालत होते. कातडीवाल्यांच्या अंगणापाशी थांबले. मागं न बघता म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. गावातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं."

"बारा वर्षं तू माझ्या घरात आहेस उर्सेल. सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," मी म्हटलं. खरं तर मला भीती वाटायची. काम जाईल ही भीती, आणि ते ऐकून त्यांचं काय होईल ही त्याहून मोठी. पण त्या वेळी तोंडातून आलं ते असं आलं.

त्या संध्याकाळी मी जवाचं सूप आणि काळा पाव त्यांच्या खोलीत ठेवून आले. थोड्या वेळानं ते वाडगा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे. मी बाकावर सांडलेलं पीठ एप्रनच्या टोकानं पुसलं, सरकून बसले. ते बाकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मीठ हवं होतं." मी मीठ दिलं. ते घेऊन ते परत गेले. सुपात मीठ बरोबर होतं.

लेख लिहायला त्यांना सगळा उन्हाळा लागला. शेवटी त्यांनी एक परिच्छेद घातला. मला वाचता येत नव्हतं, पण त्यांनी तो मला वाचून दाखवला. इतक्या वर्षांत मला वाचून दाखवलेली ती पहिली गोष्ट. त्यात होतं की ही माहिती लिंडेनरोडाच्या सुईण आपोलोनिया केटनर यांनी दिली, आणि या लेखाच्या लेखकानं त्यांच्याविरुद्ध खोट्या कागदावर सही केल्यामुळं त्यांना बारा वर्षं काम करता आलं नाही, आणि त्या लेखकाची पत्नी व मूल त्याच्याच हट्टामुळं गेलं.

प्रकाशकाचं पत्र आलं: ज्ञानकोशात पापाची कबुली छापत नाहीत, आणि एका सुईणीचं नाव डॉक्टरांच्या नावांशेजारी छापलं तर विद्वान खंड परत पाठवतील. मागिस्टर कधी गावाबाहेर न जाणारे, टपालगाडीत बसून लाइप्त्सिगला गेले. पाच दिवसांनी आले ते खोकत. सांगितलं, नाव छापणार, बाकीचं नाही. "नाव छापलं नाहीत तर ग वर थांबेन, पुढचं अक्षर लिहिणार नाही, असं म्हणालो," ते म्हणाले. "बाकीचं मी इथं वाचतो."

आणि त्यांनी वाचलं. नगरसभेत, उभं राहून, चौदा माणसांसमोर. आम्हा बायकांना आत सोडत नाहीत, पण खिडक्या उघड्या होत्या आणि बाहेर चौकात अर्धा बाजार थांबला होता. नगराध्यक्ष म्हणाले, "मागिस्टर, मेलेल्या डॉक्टरवर असा आरोप बरा नव्हे."

"आरोप माझ्यावर आहे. मी जिवंत आहे, मला विचारा."

कोणी काही विचारलं नाही. कागद घेतला, कपाटात ठेवला. मागिस्टर बाहेर आले तेव्हा चौकातल्या बायकांनी वाट करून दिली. कोणी टोमणा मारला नाही, कोणी जवळही आलं नाही. क्लोत्से तेवढा पिंपाच्या गाडीजवळ उभा होता, त्यानं टोपी काढली.

हिवाळ्यात खंड आला. मागिस्टर तो काखेत मारून ओढ्याकाठी गेले, मी मागं. त्यांनी केटनरबाईला सगळा लेख वाचून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली. संपल्यावर म्हणाली, "नखं?"

"काय?"

"हात घालण्याआधी नखं पार कापायची. मी सांगितलं होतं. तुम्ही लिहिलं नाहीत."

मागिस्टरांनी आपले कागद चाळले. होतं, त्यांच्याच अक्षरात. उतरवताना सुटलं होतं. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता, नगरसभेतसुद्धा नाही. "पुढच्या खंडात दुरुस्ती देतो," ते म्हणाले.

"द्या. पण तोवर किती जणी वाचतील देव जाणे." मग तिनं हात पुढं केला. "नाव कुठंय?" त्यांनी पान काढून दिलं. ती अक्षरांवर बोट ठेवून राहिली. तिलाही वाचता येत नव्हतं. थरथरणारं बोट ओळीच्या खाली-वर जात होतं, मागिस्टरांनी ते धरून बरोबर जागेवर नेलं आणि लगेच सोडलं.

वर्षभरानं नगरसभेनं तिची शपथ परत दिली. शिपाई कागद घेऊन गेला, तर तिनं दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. "हे हात बघ आणि तूच सांग, तुझ्या बायकोला चालतील का?" कागद तिनं ठेवून घेतला. त्यापुढच्या वर्षी ती गेली. दफनाला आम्ही सहा जण होतो. मागिस्टर सगळ्यांच्या मागं, कुंपणापाशी उभे होते, पुढं आले नाहीत.

त्यानंतर चौदा वर्षं त्यांनी काम केलं. ह, इ, क, ल. मध, चुना, मेणबत्त्या, चीज. चीज कसं करतात हे त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं, आभार मानले आणि खोलीत गेले. माझ्या स्वयंपाकघरात त्यांचं पाऊल पडलं ते तेवढंच. भिंतीपलीकडचा चमचा मी ऐकत राहिले. कधीकधी तो मधेच थांबायचा, फार वेळ थांबायचा, आणि मी माझाही थांबवायची.

मार्चमध्ये एका दुपारी ते खुर्चीतच गेले. लाइप्त्सिगहून गाडी आली आणि सगळे खण घेऊन गेली; उरलेली अक्षरं दुसऱ्या कोणी विद्वानांनी लिहिली म्हणतात. घर नव्या मास्तरांना मिळायचं होतं, त्यांची पाच मुलं. मी सामान आवरत होते.

सहा आठवडे झाले असतील. दारात एक बाई आली, पस्तिशीची, धुळीनं भरलेली. डोंगरापलीकडून दोन दिवस चालत आली होती. म्हणाली, "केटनरबाई इथं कुठं राहतात?"

"त्या जाऊन चौदा वर्षं झाली."

तिचं तोंड उतरलं. "आणि ज्यांनी लिहून घेतलं ते?"

"ते मार्चात गेले."

ती उंबऱ्यावरच बसली. मी तिला आत घेतलं, बाकावर बसवलं, सूप दिलं. ती सुईण होती. त्यांच्या पाद्र्यांकडं खंड होता, त्यांनी तिला तो लेख वाचून दाखवला, इतक्या वेळा की तिला पाठ झाला. "टाचेचं," ती म्हणाली, "आणि नखांचं, मागून छापलेलं. आडवी मुलं नऊ आली माझ्याकडं. सात वळवली. सातही आया जगल्या. मला वाटलं, जाऊन सांगावं."

मी तिला दफनभूमीत नेलं. केटनरबाईच्या कबरीवर लाकडी क्रूस होता, तोही कुजलेला. मागिस्टरांची कबर वर, चर्चच्या भिंतीला लागून, युडिथबाईंच्या शेजारी. ती दोन्हीकडं थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मावशी, उजेड आहे तोवर निघते. आठवड्यात एक बाळंतपण आहे."

मी वेशीपर्यंत तिच्याबरोबर गेले. वळण आलं, ती दिसेनाशी झाली. घरी आले, दार लावलं. सात, मी मनात म्हटलं. मग त्यांच्या खोलीत गेले. कपाट गेलं होतं, भिंतीवर त्याच्या मापाचा पांढरा चौकोन राहिला होता. मी तिथंच मोठ्यानं म्हणून टाकलं, "सात वळली, मागिस्टर. सात." आणि चूल पेटवायला गेले.